स्वतंत्र संचालकांची लोणावळ्यातली दोन दिवसांची कार्यशाळा: ५ पैकी साडेतीन, आणि तेही एका बाईंमुळे

रिव्ह्यू लिहायला उशीर झालाय, दोन महिने होऊन गेले, पण मुद्दामच थांबले होते, का ते खाली येईलच. कार्यशाळा घेणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही, हॉटेलचं नाही, आमच्या महामंडळाचं तर नाहीच नाही. सरकारी कंपन्यांच्या बोर्डावर जे कुणी आहेत त्यांना असल्या कार्यशाळांचे ईमेल आठवड्याला दोन तरी येतात आणि सगळ्यांचं ब्रोशर एकसारखंच असतं, डोंगराच्या टोकावर पाठमोरा उभा असलेला सूटवाला माणूस, त्यामुळे कुठली ते शोधत बसू नका.

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी इन्स्पेक्शनला. रिटायर झाल्यावर तीन वर्षांनी मंत्रालयातून फोन आला, मॅडम तुमचं नाव महामंडळावर स्वतंत्र संचालक म्हणून पाठवतोय, हरकत नाही ना. नंतर कळलं की त्यांना एक स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला बाहेरचा माणूस, कमी पडत होता आणि एक महिला संचालकही कमी पडत होती, माझ्या एका नावात दोन्ही रकाने भरले. असो. ऑनलाइन परीक्षा दिली, ५० टक्के मिळाले की पास आणि हवी तितक्या वेळा देता येते, त्यामुळे त्याचं फार कौतुक नको. पहिलं वर्षभर बैठकांना जाऊन मी नुसती मान हलवली, खोटं कशाला बोलू. आदल्या रात्री तीनशे पानांचा अजेंडा यायचा, सकाळी अकराला बैठक, साडेबाराला जेवण, आणि मधल्या दीड तासात सव्वीस विषय मंजूर. बँकेत पाच लाखाच्या कर्जाला मी याहून जास्त वेळ घालवलाय.

म्हणून जेव्हा एमडी साहेब म्हणाले की सगळ्या संचालकांना 'सुशासन, नैतिकता आणि उत्तरदायित्व' अशा कार्यशाळेला पाठवतोय तेव्हा मी पहिला हात वर केला. फी माणशी ३८,००० अधिक जीएसटी, म्हणजे ४४,८४०. आम्ही चार संचालक आणि दोन अधिकारी. हा आकडा लक्षात ठेवा.

हॉटेल छान. खोलीतून दरी दिसते, म्हणजे दिसत असावी, दोन्ही दिवस धुकं होतं. नाश्त्याची मिसळ पुळचट, त्यात तर्रीच्या नावानं टोमॅटोचा रस, पण थालीपीठ फर्स्टक्लास. हॉलमधला एसी इतका की पहिल्याच चहाच्या सुट्टीत सगळ्या बायका शाली घेऊन आल्या आणि पुरुष बिचारे ब्लेझरमध्ये कुडकुडत बसले. किटमध्ये लेदरचं फोल्डर, भारीतलं पेन, एक पितळी कासव (का? देवाला माहीत) आणि फाइलभर झेरॉक्स. झेरॉक्स कामाच्या निघाल्या.

पहिलं सेशन नैतिकतेवर. वक्ते निवृत्त आयएएस, बोलायला गोड, पण दीड तासात एकही कागद दाखवला नाही. भरसभेत भीष्म गप्प बसले ती स्लाइड आली, मग विदुर आला, मग 'रात्री शांत झोप लागते का हे स्वतःला विचारा'. अहो, ज्याला विचारायला पाहिजे त्याला तर उत्तम झोप लागते! माझ्या शेजारी आमचेच एक संचालक डुलक्या काढत होते, त्यांच्या पेपर कपला भोक पडून चहा फोल्डरवर सांडला तरी जागे झाले नाहीत. या सेशनला शून्य मार्क.

दुसरं सेशन कंपनी कायद्याचं, शिकवणारा तरुण वकील, बोलायचा भराभर पण माणूस तयारीचा होता. त्यानं एक गोष्ट सांगितली ती मला वर्षभर बोर्डावर बसून माहीत नव्हती आणि मला त्याची लाज वाटली. २०१३ च्या कायद्यात कलम १४९(६) मध्ये स्वतंत्र संचालक कुणाला म्हणायचं याच्या अटी आहेत. साध्या कंपनीत हा माणूस सचोटीचा नि जाणकार आहे की नाही हे मत बोर्डाचं असावं लागतं, आणि त्याचे कंपनीशी पैशाचे संबंध नसावेत अशी अट आहे. ५ जून २०१५ ला केंद्रानं एक अधिसूचना काढून सरकारी कंपन्यांना त्यातून सूट दिली. बोर्डाच्या मताऐवजी संबंधित खात्याचं किंवा राज्य सरकारचं मत धरायचं, आणि ती पैशाच्या संबंधांची अट लागूच नाही. म्हणजे मालक सरकार, नेमणार सरकार, आणि हा माणूस नेमण्यालायक स्वतंत्र आहे हे सर्टिफिकेट देणारंही सरकारच. मुलाकडच्यांनीच पत्रिका काढायची आणि त्यांनीच जुळवायची, तसला प्रकार. वकिलानं हे अगदी सपाट आवाजात सांगितलं, हसलाही नाही, हॉलमध्ये मात्र जरा चुळबुळ झाली.

मग त्यानं फळ्यावर एक गणित मांडलं. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या बोर्डाची रचना सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नियमाप्रमाणे नसेल, म्हणजे पुरेसे स्वतंत्र संचालक नाहीत किंवा बाई नाही, तर दिवसाला ५,००० रुपये दंड. एका तिमाहीचे ९२ दिवस धरले तर ४,६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,४२,८००. शेअर दोन्ही बाजारांत असेल तर हाच दंड दोन वेळा. इंडियन ऑईल, ओएनजीसी, गेल, असल्या मातब्बर कंपन्यांना हे दंड लागलेत आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, संचालक नेमणं आमच्या हातात नाही, ते मंत्रालय करतं. खुर्ची रिकामी ठेवली मंत्रालयानं आणि दंड कंपनीला. पाच लाख म्हणजे त्यांच्यासाठी दिवाळीच्या मिठाईचाही खर्च नाही, म्हणून कुणाला काही वाटत नाही आणि पुढच्या तिमाहीला परत तेच.

दुपारी कोल इंडिया. जेवणात पुरणपोळी होती त्यामुळे अर्धा हॉल झोपलेला, पण मला हे सेशन आवडलं. २०१० ला कोल इंडियाचा शेअर बाजारात आला तरी सरकारकडे ९० टक्के राहिले. लंडनच्या टीसीआय नावाच्या फंडाकडे साधारण एक टक्का. २०१२ मध्ये वीज कंपन्यांशी कोळशाचे करार करा आणि ८० टक्के पुरवठ्याची हमी द्या असं सरकारचं म्हणणं, बोर्डावरचे स्वतंत्र संचालक तयार होईनात कारण पुरवठा कमी पडला तर दंड कंपनीच्या डोक्यावर. शेवटी एप्रिलमध्ये राष्ट्रपतींच्या नावानं निर्देश काढावा लागला. तिकडे टीसीआयचं म्हणणं असं की बाजारभावापेक्षा स्वस्तात कोळसा विकून तुम्ही आम्हा छोट्या भागधारकांचं नुकसान करताय, आणि ते थेट संचालकांच्या मागे लागले. पुढे २०१४ मध्ये शेअर विकून गेलेही. आता यात बरोबर कोण यावर आमच्या टेबलावर इतकी हमरीतुमरी झाली की चहा थंड झाला. एक जण म्हणाले, विजेचे दर वाढले असते तर लोकांनीच बोंब मारली असती. दुसरे म्हणाले, मग शेअर विकायलाच नको होते.

मला यातून भलतीच गोष्ट मिळाली. सरकारला बोर्डाकडून काही करून घ्यायचंच असेल तर त्याचा रस्ता आहे, कंपनीच्या नियमावलीत निर्देश देण्याचा अधिकार लिहिलेला असतो, केंद्राच्या कंपनीत राष्ट्रपती आणि आपल्याकडे राज्यपालांच्या नावानं. तो लेखी येतो, बोर्डासमोर ठेवला जातो, इतिवृत्तात जातो, आणि मग जबाबदारी कुणाची हे दहा वर्षांनीही कळतं. आमच्याकडे वर्षभरात 'वरून फोन आलाय' हे वाक्य मी किमान नऊ वेळा ऐकलं. लेखी निर्देश एकदाही नाही.

इथे एक तक्रार करते. दोन दिवसांत महाराष्ट्रातलं एकही उदाहरण नाही! समोर बसलेले सगळे महाराष्ट्रातल्या महामंडळांचे लोक आणि उदाहरणं कुठली तर कोलकाता, दिल्ली आणि अमेरिकेतलं एन्रॉन. अरे, ते एन्रॉन तरी दाभोळला आणायचं, आपल्या वीज मंडळानं त्या करारापायी काय सोसलं ते २००१ च्या गोडबोले समितीच्या अहवालात आहेच की. सिंचन महामंडळं घ्या, २०१२ ला मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं गैरव्यवहाराबद्दलचं पत्र, मग श्वेतपत्रिका, मग चितळे समिती, एवढं रामायण झालं आणि त्यात प्रकल्पांच्या किमती वाढवताना विषय नियामक मंडळासमोर, म्हणजे बोर्डासमोर, आला होता का हा प्रश्न होताच. अण्णाभाऊ साठे महामंडळात तर २०१५ ला अपहाराच्या आरोपावरून माजी अध्यक्षालाच अटक झाली. ते अध्यक्ष असताना त्या बोर्डावर बाकी कोण होतं, त्यांच्यासमोर कुठले कागद आले, हे शिकवलं असतं तर ४४,८४० वसूल झाले असते. आयोजकांना चहाच्या वेळी विचारलं तर म्हणाले, मॅडम, सेन्सिटिव्ह होतं ना. विषय उत्तरदायित्व!

आता दुसरा दिवस, आणि साडेतीन मार्क ज्यांच्यामुळे दिले त्या बाई. निवृत्त कंपनी सेक्रेटरी, साठीच्या पुढच्या, सुती साडी, हातात लाल पेन, माईक घेतलाच नाही. सकाळी साडेनऊला प्रत्येकाला ११२ पानांचा नकली अजेंडा दिला आणि सांगितलं, दहाला बोर्ड मीटिंग, तुम्ही संचालक, सतरा विषय, चला. आमच्या टेबलानं बावीस मिनिटांत सगळं मंजूर केलं, एक जण तर म्हणाले, आपण सगळ्यात आधी संपवलं.

बाईंनी विषय क्रमांक १४ उघडायला लावला. 'भूखंड क्र. ६ च्या भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाबाबत.' पान ८१ वर टिपणी, दीड पान, त्यात शेवटच्या परिच्छेदात भाडं जुन्याच दरानं तीस वर्षं. भाडेकरू संस्थेचं नाव परिशिष्ट 'इ' मध्ये, पान १०९. आणि त्या संस्थेचे विश्वस्त कोण? पान ४ वरच्या उपस्थितांच्या यादीत ज्यांना 'संचालक क्र. ३' म्हटलंय तेच. संचालक क्र. ३ चं काम करत होते ते गृहस्थ कसनुसे हसले, म्हणाले मला माहीतच नव्हतं मी विश्वस्त आहे. बाई म्हणाल्या, "कोर्टातही असंच म्हणतात."

हॉल हसला, पण माझ्या पोटात गोळा आला हो. इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य गेलं आणि मी पान १०९ उघडलं नव्हतं.

पुढचा दीड तास त्यांनी फक्त शब्द शिकवले. 'मंडळाने नोंद घेतली', 'मंडळाने मान्यता दिली', 'मंडळाने तत्त्वतः मान्यता दिली', यातल्या प्रत्येकात तुम्ही किती अडकता. तत्त्वतः म्हणजे लग्न ठरलंय पण याद्या व्हायच्यात, आणि सरकारी कंपनीत बऱ्याचदा याद्या होण्याआधीच वरात निघालेली असते. आणि सगळ्यात धोकादायक तीन शब्द, 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. चर्चा झाली का, कुणी काय विचारलं, कुणी नको म्हटलं, सगळं त्या तीन शब्दांत पुरलं जातं. कायद्यात कलम ११८(४) सरळ सांगतं की ज्या संचालकानं विरोध केला किंवा सहमती दिली नाही त्याचं नाव इतिवृत्तात आलं पाहिजे. कच्चं इतिवृत्त बैठकीपासून १५ दिवसांत सगळ्यांना पाठवायचं, संचालकांना दुरुस्त्या सुचवायला ७ दिवस, आणि ३० दिवसांत वहीत चढवायचं. ऐनवेळचा विषय, ज्याला सगळे टेबल आयटम म्हणतात, तो घ्यायचा तर अध्यक्षांची परवानगी आणि हजर असलेल्या संचालकांच्या बहुमताची संमती लागते. हे मी डोळे विस्फारून ऐकलं कारण आमच्याकडे टेबल आयटम चहाबरोबर येतात. बैठक न घेता नुसतं सर्क्युलर फिरवून ठराव करायचा असेल तरी एक तृतीयांश संचालकांनी म्हटलं की बैठकीतच घ्या तर घ्यावाच लागतो.

हे सगळं कशासाठी? कलम १४९(१२). स्वतंत्र संचालकावर जबाबदारी येते ती जी गोष्ट बोर्डाच्या कामकाजातून त्याला माहीत होती आणि त्याची संमती किंवा संगनमत होतं, किंवा त्यानं नीट लक्ष घातलं नाही, तेवढ्यापुरतीच. बाई म्हणाल्या, तुम्ही बैठकीत टेबलावर मूठ आपटली असेल, तावातावानं बोलला असाल, वहीत नसेल तर तुम्ही संमती दिली. आदल्या दिवशीच्या भीष्मांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त कळलं.

शेवटचं सेशन कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेच्या, एका निवृत्त अधिकाऱ्याचं. आवाज बारीक, स्लाइडवर अक्षरं मुंगीएवढी, पण ऐकण्यासारखं. सरकारी कंपनीचा ऑडिटर नेमतं कॅगच, आणि ऑडिट रिपोर्ट मिळाल्यापासून ६० दिवसांत स्वतःचं पूरक ऑडिटही करू शकतं, हे ठाऊक होतं. पण ऑडिटचा पॅरा, म्हणजे आक्षेप, कसा वाढतो ते त्यांनी दाखवलं. आधी हाफ मार्जिन मेमो, म्हणजे ऑडिटरची पहिली लेखी विचारणा, त्याला खालचा कारकून काहीतरी उत्तर लिहितो, मग निरीक्षण अहवाल, मग ड्राफ्ट पॅरा, मग छापील अहवाल, विधिमंडळ, सार्वजनिक उपक्रम समिती. बोर्डाला कळतं कधी? पेपरात आल्यावर. एअर इंडियाचं उदाहरण घेतलं, २८ विमानांचा प्रस्ताव ६८ वर गेला, इंडियन एअरलाइन्सची ४३ धरून १११, बहुतेक पैसा कर्जाचा, आणि कॅगचा अहवाल आला २०११ ला, तेव्हा बरीच विमानं येऊन उभी आणि कर्जही. त्यांचा सल्ला साधा होता, दर तिमाहीला बोर्डापुढे प्रलंबित ऑडिट पॅऱ्यांची यादी मागा, तारखेसकट. मी आमच्याकडे मागितली. बारा वर्षांपूर्वीचा पॅरा निघाला, लिहिणारा आणि उत्तर देणारा दोघंही रिटायर.

तर मार्क असे: जेवण ४, हॉटेल ४, कासव ०, पहिला दिवस अडीच, बाई ५ पैकी ६. संस्थेनं त्यांना पूर्ण दिवस द्यावा आणि भीष्मांना सुट्टी.

आता ते थांबण्याचं कारण. पुढच्या बोर्डाला विषय क्रमांक ११ आला, 'संचालक प्रशिक्षणाच्या खर्चास कार्योत्तर मंजुरी, रु. २,६९,०४०'. कार्योत्तर, म्हणजे खर्च आधी आणि मंजुरी मागून! नैतिकतेच्या कार्यशाळेला! मी विचारलं, कोटेशन किती मागवली. शांतता. संस्था कुणी निवडली. एमडी साहेबांनी पाणी प्यायलं. मी म्हटलं, मी स्वतः या खर्चाची लाभार्थी आहे, मी मत देणार नाही आणि असं नाव घालून लिहा. अध्यक्ष म्हणाले, बरोबर आहे मॅडम, लिहून घ्या हो. लिहून घेतलं, मी पेन हलताना बघितलं.

कच्चं इतिवृत्त १५ नाही, १९ दिवसांनी आलं. विषय ११: 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.'

त्याच रात्री दुरुस्ती ईमेल केली. दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्रेटरींचा फोन, "मॅडम, एवढं राहू द्या की, पुढच्या वेळी नीट घालतो, आता साहेबांची सही झालीये."

मी म्हटलं, हेच मला ईमेलवर लिहून पाठवा.

अजून आलेलं नाही. आलं की इथेच खाली टाकते.